चुकीला शिक्षा न करणाऱ्या डॉ. मारिया माँटेसरी

आपल्या मंडळाला यंदा पंचवीस वर्षे पूर्ण होत आहेत. त्या निमित्ताने निघणाऱ्या या स्मरणिकेत सभासद भगिनींनी थोर व्यक्तींची चरित्रे लिहावीत असे ठरले, तेव्हा अध्यक्षाबाईंनी मलाही एक चरित्र लिहावयास सांगितले. मी सातवीपर्यंत शिकलेली साधी गृहिणी. लेखणीपेक्षा लाटण्याची सवय जास्त. म्हणून आधी नाहीच म्हणत होते. परंतु गेली सहा वर्षे मी मंडळाच्या बालवाडीत मदतनीस म्हणून जाते. तेथे भिंतीवर पांढऱ्या केसांच्या, प्रेमळ चेहऱ्याच्या एका वृद्ध बाईंचा फोटो आहे. मुलांना सोडावयास येणाऱ्या कितीतरी आया, या कोणाच्या आजी, असे मला विचारतात. सुरुवातीला मलाही ठाऊक नव्हते. मग आपल्या वाचनालयातून पुस्तके नेऊन, दुपारची झोप मोडून, मी ती वाचली. त्या बाई म्हणजे डॉ. मारिया माँटेसरी. त्यांचेच चरित्र मी माझ्या साध्या भाषेत सांगणार आहे.

त्यांचे चरित्र मला का भावले, हे आधी सांगितले पाहिजे. मी सहावीत असताना दशांश अपूर्णांकांच्या गुणाकारात माझे टिंब नेहमी एक घर चुकीच्या जागी पडे. ते का चुकते, हे मला कोणी सांगितले नाही. हातावर छड्या मात्र बसल्या, आणि एकदा सगळ्या वर्गासमोर बाकावर उभे राहावे लागले. शाळा कोणती, गुरुजी कोण, हे लिहीत नाही. त्या काळी सगळेच तसे करीत, आणि त्यांच्या मनात माझे वाईट व्हावे असे काही नव्हते. पण त्यानंतर गणिताचा तास आला की माझ्या पोटात गोळा उठे आणि येत असलेलेही विसरायला होई. सातवी झाली. पुढची शाळा परगावी होती. मुलीला तेथे धाडायचे नाही, असे वडिलांनी ठरविले. तेव्हा मी खूप रडले असेन असे सर्वांना वाटते. खरे सांगायचे तर मला सुटल्यासारखे वाटले. शिक्षण सुटल्याचे दुःख मला पुढे वीस वर्षांनी झाले.

आता माँटेसरीबाईंकडे वळते.

मारियाचा जन्म इटली देशात कियारावाल्ले नावाच्या गावी ३१ ऑगस्ट १८७० रोजी झाला. वडील अलेस्सांद्रो हे सरकारी नोकर, जुन्या वळणाचे. आई रेनिल्दे हिला वाचनाची फार आवड. मारिया ही त्यांची एकुलती एक मुलगी. ती पाच वर्षांची असताना कुटुंब रोम शहरी राहावयास आले. त्या काळी शिकलेल्या मुलीने फार तर शिक्षिका व्हावे, अशी तिकडेही समजूत होती. मारियाला मात्र गणित आवडे. ती मुलांच्या तांत्रिक शाळेत गेली, आधी इंजिनिअर व्हायचे म्हणाली आणि नंतर डॉक्टर व्हायचे ठरविले. वडिलांना ते पसंत नव्हते. आईने मात्र पाठ राखली. घरोघर असेच असते, नाही का? मुलीच्या शिक्षणाचे ओझे पुष्कळदा आईच गुपचूप उचलते.

वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना फार सोसावे लागले. शवविच्छेदन मुलग्यांबरोबर करणे स्त्रीला शोभत नाही, म्हणून संध्याकाळी इतर सर्व गेल्यावर एकटीने प्रेतांच्या खोलीत बसून त्यांना अभ्यास करावा लागे. वाचतानाच माझ्या अंगावर काटा आला. तरीही १८९६ साली त्या डॉक्टर झाल्या. इटलीतील अगदी पहिल्या काही स्त्री डॉक्टरांपैकी त्या एक होत. त्याच वर्षी बर्लिन येथे भरलेल्या स्त्रियांच्या परिषदेत, स्त्रीला पुरुषाइतक्याच कामाचे पुरुषाइतकेच वेतन मिळावे, अशी बाजू त्यांनी मांडली.

डॉक्टर झाल्यावर त्या रोमच्या विद्यापीठातील मानसोपचार विभागात काम करू लागल्या. त्या कामासाठी त्यांना वेड्यांच्या इस्पितळांत जावे लागे. तेथे मंदबुद्धीची मुले मोठ्या वेड्या माणसांबरोबरच कोंडलेली असत. असे सांगतात, की अशाच एका खोलीत मुले जेवण झाल्यावर जमिनीवर पडलेले पावाचे तुकडे वेचीत. तेथली बाई त्यांना हावरट म्हणून हिणवी. माँटेसरीबाईंनी खोलीभर नजर फिरविली. तेथे खेळणे नाही, वस्तू नाही, हातात धरावे असे काहीच नाही. मुले भुकेने नव्हे, तर हाताला काही चाळा हवा म्हणून ते तुकडे चिवडीत होती. जे दुसऱ्यांना मुलाचा दोष म्हणून दिसले, ते बाईंना मुलाची गरज म्हणून दिसले. पुढे आयुष्यभर त्यांनी हेच केले.

इतार आणि सेगँ या दोन फ्रेंच डॉक्टरांनी अशा मुलांसाठी पूर्वी काम करून ठेवले होते. बाईंनी त्यांचे लिखाण आपल्या भाषेत स्वतःच्या हाताने उतरवून काढले, म्हणजे प्रत्येक शब्द नीट डोक्यात मुरावा. १९०० साली रोममध्ये मंदबुद्धीच्या मुलांसाठी शिक्षक तयार करणारी संस्था निघाली, तिच्या चालकांत बाई होत्या. दिवसभर मुलांबरोबर राहून त्या रात्री टिपणे काढीत. त्यांच्या हाताखालची काही मुले लिहा-वाचायला शिकली आणि चांगल्या मुलांसाठी असलेल्या सरकारी परीक्षेत उतरली. सगळीकडे वाहवा झाली. पण बाईंच्या मनात वेगळाच प्रश्न आला. आपली दुबळी मुले जर चांगल्या मुलांच्या बरोबरीने येतात, तर त्या चांगल्या मुलांना शाळेत असे काय होते की ती एवढ्यावरच थांबतात?

त्याचे उत्तर शोधण्याची संधी त्यांना १९०७ साली मिळाली. रोममध्ये सान लोरेन्झो नावाची गरिबांची वस्ती होती. एका कंपनीने तेथील चाळी दुरुस्त करून कष्टकरी कुटुंबांना राहावयास दिल्या. आईबाप दिवसभर कामाला जात आणि शाळेत जाण्याच्या वयाची नसलेली मुले जिने, भिंती खराब करीत हिंडत. नुकसान टाळावे म्हणून मालकांनी एक खोली दिली आणि मुले सांभाळण्याचे काम बाईंकडे आले. ६ जानेवारी १९०७ रोजी ती खोली उघडली. तिला बालकांचे घर असे नाव मिळाले. पन्नासएक मुले, तीन ते सहा वर्षांची, रडवी, भेदरलेली. भिंतीला रंग लागू नये म्हणून सुरू झालेली ही खोली पुढे जगातील बालशिक्षणाचे माहेर झाली.

या खोलीत घडलेल्या तीन गोष्टी मी आमच्या बालवाडीत आलेल्या प्रत्येक आईला सांगते. त्या येथेही सांगते.

पहिली गोष्ट नाक शिंकरण्याची. मुलांची नाके वाहत. घरी, दारी सगळे त्यांना त्यावरून बोलत, हसत, चापट्या मारीत. एके दिवशी बाईंनी रुमाल घेऊन नाक कसे शिंकरावे, आवाज कसा होऊ देऊ नये, रुमाल कसा घडी करावा, हे मुलांना सावकाश करून दाखविले. मुले हसतील असे त्यांना वाटले होते. उलट मुलांनी आनंदाने टाळ्या पिटल्या. बाई विचारात पडल्या. या एका गोष्टीसाठी ही मुले आजवर अपमान सोशीत आली होती, पण ती कशी करावी हे त्यांना कोणी शिकविलेच नव्हते! भगिनींनो, ही गोष्ट वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून बसले. माझे दशांशाचे टिंब मला आठवले.

दुसरी गोष्ट कपाटाची. शिकविण्याचे साहित्य एका मोठ्या कपाटात कुलूप लावून ठेवीत आणि शिक्षिका ते काढून मुलांना वाटी. एकदा तिला यावयास उशीर झाला, आणि कुलूपही नीट लागले नव्हते. ती येऊन पाहते तो कपाट उघडे, मुले साहित्य घेऊन चाललेली. तिला ती चोरीच वाटली. मुलांना चांगली शिक्षा करावी असे तिचे मत. बाईंनी मात्र नीट पाहिले. कोणी काही मोडले नव्हते, पळविले नव्हते. आपल्याला कोणती वस्तू हवी हे प्रत्येक मुलाला कळत होते आणि ते ती घेऊन कामाला लागत होते. बाईंनी शिक्षा केली नाही, कपाटच बदलले. मुलांच्या हाताला येतील अशी बुटकी, उघडी कपाटे केली. चूक मुलांची नव्हती, कपाटाची होती.

तिसरी गोष्ट बक्षिसाची. शाळेतल्या एका शिक्षिकेने हुशार मुलाच्या गळ्यात मानाचे पदक घातले होते, आणि दुसऱ्या एका मुलाला शिक्षा म्हणून खोलीच्या मध्यभागी खुर्चीवर बसविले होते. पदकवाला मुलगा आपल्या कामात गढून येरझारा घालीत होता. जाता जाता पदक खाली पडले. शिक्षा झालेल्या मुलाने ते उचलून त्याला दाखविले. त्याला त्याचे काहीच नव्हते. घे तुला हवे तर, अशा अर्थाने तो बोलला आणि कामाला निघून गेला. शिक्षा झालेल्याने ते आपल्या छातीवर लावले आणि खुशीत बसून राहिला. बाईंना त्यातून कळले, की ज्याला कामाची गोडी लागली आहे त्याला पदक नको असते, आणि ज्याला काम नाही त्याचे पदकाने फक्त मन रमते, शिक्षण होत नाही. बक्षीस आणि शिक्षा दोन्ही बाहेरून येतात. आतून येते ती गोडी. त्यांनी दोन्ही बंद केली.

मग मूल चुकले तर करायचे काय? येथे बाईंची खरी बुद्धिमत्ता दिसते. त्यांनी साहित्यच असे केले, की मुलाची चूक त्याची त्यालाच दिसावी. लाकडाच्या एका लांब ठोकळ्यात दहा भोके आणि त्यांत बसणारे दहा दट्टे, प्रत्येकाला वर मूठ. दट्टे बाहेर काढायचे, मिसळायचे आणि पुन्हा जागच्या जागी बसवायचे. बारीक दट्टा मोठ्या भोकात घातला तर तो आत जातो खरा, पण शेवटी एक जाडा दट्टा उरतो आणि त्याला जागा सापडत नाही. मूल थांबते, पाहते, विचार करते, पुन्हा सगळे काढते. कोणी ओरडत नाही, कोणी लाल रेघ ओढत नाही. तीन वर्षांची एक मुलगी हे दट्टे काढण्या-बसविण्यात इतकी रमली, की चाळीसहून अधिक वेळा तिने तेच केले. भोवती इतर मुलांना गाणी म्हणावयास लावली, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले, तरी ती थांबली नाही. शेवटी आपल्या मनाने थांबली, आणि दमलेली नव्हे तर झोपेतून ताजी उठल्यासारखी दिसली.

मला हे समजावयास वेळ लागला नाही, कारण आपल्या स्वयंपाकघरात हेच चालते. भाकरीच्या पिठाला पाणी कमी पडले की कडा चिरतात. कणीक नीट मळली नाही की पोळी फुगत नाही. चूक भाकरीच सांगते. मी नऊ वर्षांची असताना माझ्या आजीने मला भाकरी शिकविली. पहिल्या दिवशी भाकरी थापताना फाटली, तेव्हा आजी काही बोलली नाही. तिने तो गोळा परत मळून माझ्यापुढे ठेवला, एवढेच. आठ दिवसांत मला भाकरी आली. गणित मात्र छड्या खाऊनही आले नाही. पुढे संसारात दुधाचा आणि वाण्याचा हिशेब करताना टिंबाची जागा मला आपोआप कळली, कारण टिंब चुकले की पैसे चुकत आणि ते तेथल्या तेथे दिसे. तेव्हा मी मठ्ठ नव्हते, हे मला कळले. पण तोवर शाळा फार मागे राहिली होती.

मुलांच्या खोलीतील सामानातही बाईंनी हाच विचार ठेवला. टेबले, खुर्च्या हलक्या. धसमुसळेपणाने चालले की त्या आवाज करून पडत आणि मुलाला आपले कळे. जेवणाची भांडी चिनी मातीची, फुटणारी. तीनचार वर्षांची मुले गरम सूपाचे भांडे घेऊन वाढीत. फुटेल म्हणूनच हात सावरायला शिकतात, असे त्यांचे म्हणणे. शिक्षिकेलाही एक नियम होता. लाल रंग कोणता असे विचारल्यावर मुलाने निळा दाखविला, तर तुझे चुकले असे म्हणावयाचे नाही. हसून धडा आवरता घ्यावयाचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगावयाचे. मुलाच्या ध्यानात रंग राहिला पाहिजे, आपली चूक नव्हे.

कोणी म्हणेल, असे केल्याने मुले शेफारतील. तसे नाही. दुसऱ्याला मारणे, त्रास देणे, असभ्य वागणे हे बाई चालू देत नसत. असे करणाऱ्या मुलाला त्या एका बाजूला छोट्या टेबलाशी आरामखुर्चीत बसवीत, त्याच्या आवडीच्या वस्तू जवळ देत, आणि तेथून त्याला इतर मुले काम करताना दिसत. शिक्षिका त्याच्याशी आजारी मुलाशी बोलावे तशी मायेने बोले. बसल्या बसल्या इतरांना पाहूनच त्याला त्यांच्यात परत जावेसे वाटू लागे. आपण मात्र मूल चुकले की त्याला अंगठे धरून उभे करतो, आणि ते इतरांच्या हसण्याशिवाय काही पाहत नाही.

या खोलीची कीर्ती पसरली. १९०९ साली त्यांनी आपल्या पद्धतीचे पुस्तक लिहिले आणि थोड्याच वर्षांत त्याची अनेक भाषांत भाषांतरे झाली. १९१३ साली रोमला परदेशी शिक्षकांचा वर्ग निघाला. त्या अमेरिकेस जाऊन आल्या. १९२९ साली त्यांची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. हे सर्व कोठल्याही पुस्तकात सापडेल, म्हणून मी त्यात अधिक शिरत नाही.

एक गोष्ट मात्र टाळता येत नाही, आणि आपल्या मंडळात ती मोकळेपणाने बोलली पाहिजे. बाईंना एक मुलगा होता, मारिओ. त्याचा जन्म १८९८ सालचा. वडील त्यांच्याबरोबर काम करणारे डॉक्टर होते, पण त्या दोघांचे लग्न झाले नाही. लग्न केले असते तर त्या काळच्या रीतीप्रमाणे बाईंना काम सोडावे लागले असते, आणि लग्नावाचून झालेले मूल जवळ ठेवले असते तर समाजाने त्यांना उभे राहू दिले नसते. म्हणून बाळ खेड्यात एका कुटुंबाकडे वाढले. आई अधूनमधून भेटावयास जाई, पण मी तुझी आई असे सांगू शकत नसे. साऱ्या जगाच्या मुलांजवळ बसणारी ही बाई स्वतःच्या मुलाजवळ बसू शकली नाही. आईच्या मृत्यूनंतर, १९१३ च्या सुमारास, त्यांनी मारिओला आपल्याजवळ आणले. तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. त्यानंतर तो आईला सोडून गेला नाही, तिच्या कामात उजवा हात झाला. परंतु चारचौघांत त्याची ओळख पुतण्या किंवा मानलेला मुलगा अशीच करून दिली जाई.

त्यांची आणखी एक चूक झाली असे मला वाटते. १९२४ पासून इटलीचा हुकूमशहा मुसोलिनी याने त्यांच्या शाळांना आश्रय दिला आणि त्यांनी तो घेतला. शाळा वाढतील असे त्यांना वाटले. पण ज्याला हुकूम मानणारी मुले हवीत, त्याला स्वतः विचार करणारी मुले कशी चालणार? शाळांत गणवेश, शपथा यांचा आग्रह सुरू झाला तेव्हा बिनसले, आणि १९३४ साली त्यांनी इटली सोडली. तेथील त्यांच्या शाळा बंद पडल्या. जर्मनीतही हिटलरच्या राज्यात त्यांच्या शाळा बंद झाल्या. पुढे स्पेनमध्ये राहात असता १९३६ साली तेथे यादवी युद्ध पेटले, म्हणून तेथूनही निघावे लागले. साठी उलटलेली ही बाई बिऱ्हाड पाठीवर घेऊन देशोदेशी फिरली. मोठ्या माणसांच्याही चुका होतात. त्या चुकीला धरून बसायचे की त्यातून बाहेर पडायचे, हाच काय तो फरक.

आता आपल्या देशाचा संबंध येतो. भारतात त्यांचे विचार त्यांच्या आधीच पोचले होते. गुजरातेत भावनगर येथे गिजुभाई बधेका या वकिलीचा धंदा सोडून आलेल्या गृहस्थांनी १९२० साली बालमंदिर काढले. त्यांना १९२३ साली आपल्या ताराबाई मोडक येऊन मिळाल्या. १९३१ साली गांधीजी लंडनला गेले असता त्यांची आणि माँटेसरीबाईंची भेट झाली. पुढे १९३९ साली, एकोणसत्तराव्या वर्षी, थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून बाई मारिओसह मद्रासला आल्या. अड्यार येथे झाडांच्या सावलीत त्यांचे वर्ग चालू झाले. पहिल्याच वर्गाला सुमारे तीनशे शिक्षक होते. बाई इटालियन भाषेत बोलत आणि मारिओ त्याचे इंग्रजी करून सांगे.

काही महिन्यांसाठी आलेल्या त्या येथेच अडकल्या. जून १९४० मध्ये इटली महायुद्धात उतरली आणि इंग्रज सरकारच्या लेखी मायलेक शत्रूच्या देशाचे ठरले. मारिओला पकडून आपल्या अहमदनगरच्या छावणीत ठेवण्यात आले. (त्याचेच नाव आता अहिल्यानगर आहे.) बाईंना अड्यारच्या आवाराबाहेर जाण्याची बंदी झाली. सत्तर वर्षांची आई मद्रासला आणि मुलगा महाराष्ट्रात बंदीवासात! ३१ ऑगस्ट १९४० हा बाईंचा सत्तरावा वाढदिवस. त्या दिवशी व्हाइसरॉयकडून तार आली. त्यांना वाढदिवसाची भेट म्हणून त्यांचा मुलगा परत पाठवीत असल्याचे तीत कळविले होते. त्या तारेत मारिओला त्यांचा मुलगा असे स्पष्ट म्हटले होते. बेचाळीस वर्षे जो शब्द उघडपणे कोणी उच्चारला नव्हता, तो परक्या सरकारच्या कागदावर लिहून आला. हे वाचताना माझ्या डोळ्यांना पाणी आले, आणि तुमच्याही येईल.

युद्धाची वर्षे त्यांनी भारतातच काढली. काही काळ त्या कोडाईकनालच्या थंड डोंगरावर राहिल्या. १९४६ साली त्या युरोपला गेल्या, पुन्हा येऊन १९४९ पर्यंत येथे काम केले. भारतात त्यांच्या हाताखाली हजाराहून अधिक शिक्षक तयार झाले. ६ मे १९५२ रोजी हॉलंडमधील नोर्डविक या समुद्रकाठच्या गावी, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. शांततेच्या नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव तीन वेळा सुचविले गेले होते. जो देश त्यांना सोडावा लागला, त्याच इटलीने १९९० साली आपल्या हजार लिरांच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले.

त्यांचे साहित्य महाग, म्हणून ही शाळा श्रीमंतांची, असे लोक म्हणतात. त्याला उत्तर आपल्या ताराबाईंनी दिले. १९४५ साली त्यांनी ठाणे जिल्ह्यात बोर्डी येथे गावातील गरीब मुलांसाठी काम सुरू केले आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत नेले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच मुलांच्या अंगणात नेऊ, असा विचार करून त्यांनी अंगणवाडी भरविली. शिंपले, बिया, खडे, पाने हेच त्यांचे साहित्य. आज गावोगावी अंगणवाडी हा शब्द आपण सहज वापरतो, त्याच्या मागे या बाईंचे श्रम आहेत.

आता माझी कबुली. हे सारे कळण्यापूर्वी मी स्वतः दोन मुलांची आई झाले होते. मला शाळेत जे दिले गेले, तेच मी घरात दिले. थोरल्याच्या हातून लोणच्याची बरणी फुटली तेव्हा मी त्याला लाटण्याने मारले. काचा मात्र मीच गोळा केल्या. त्याने काही शिकावे असे त्यात काय होते? तो एकच गोष्ट शिकला, लपविणे. चौथीत असताना तांदळाच्या डब्यात हात घातला तर तळाशी त्याच्या चाचणीच्या तीन उत्तरपत्रिका घडी करून ठेवलेल्या सापडल्या. गुण कमी होते, आणि मला दाखविण्याची त्याला भीती वाटत होती. मी त्या उत्तरपत्रिका उलगडून पाहिल्या. तिन्हींत एकच चूक, वजाबाकीत हातचा घ्यावयाचे विसरणे. पहिली उत्तरपत्रिका त्याने दाखविली असती, तर दहा मिनिटांत ती चूक सुधारली असती. माझ्या भीतीने ती तीन महिने तांदळात राहिली.

त्या दिवशी मी त्याला मारले नाही. शेंगदाण्यांचे दहा-दहाचे ढीग करून दोघे बसलो. ढीग मोडल्याशिवाय सुटे दाणे मिळत नाहीत, हे त्याचे त्यालाच दिसले. मारणे माझ्याकडून एकदम सुटले असे मी म्हणणार नाही. हात उचलला जाई, मग आठवण होई. पण लपविणे हळूहळू थांबले, आणि आज तो बाहेरगावी शिकत असूनही त्याचे काही चुकले तर आधी मला फोन करतो. माझ्या लेखी हेच पदक.

मुलांना शाळेत मारणे आणि त्यांचा मानसिक छळ करणे यांना शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने बंदी आहे. पण कायदा शाळेच्या फाटकापर्यंत येतो, आपल्या स्वयंपाकघरात येत नाही. बालवाडीत आजही काही आया मुलाला सोडताना सांगून जातात, की चुकला तर खुशाल दोन द्या, आमची हरकत नाही. त्यांचा राग येत नाही, कारण कालपरवापर्यंत मीही त्यांच्यातलीच होते.

म्हणून या पंचविसाव्या वर्षी मंडळापुढे माझी नम्र सूचना आहे. आपल्या बालवाडीत हुशार मुलांच्या नावापुढे चांदण्या लावण्याचा जो तक्ता आहे, तो उतरवावा. फळ्यामागे धाकासाठी ठेवलेली पट्टी रेघा आखण्याच्या कामी लावावी. त्या जागी एक लहान केरसुणी, एक सुपली आणि पाणी पुसावयाचे फडके मुलांच्या हाताला येईल असे टांगून ठेवावे. सांडले तर मुलाने पुसावे, मोडले तर आपल्याबरोबर गोळा करावे. याला खर्च काही नाही. लागते ती सबुरी, आणि ती आपणां बायकांकडे पुष्कळ आहे. ती आपण भाकरीच्या गोळ्यावर खर्च करतो, तशी मुलावरही करू या.

लिहिण्याची सवय नसल्यामुळे या लेखात काही चुकले असेल. भगिनींनी ते मला अवश्य दाखवून द्यावे. शिक्षा मात्र करू नये.